हिंगणघाटचा इटालियन क्लास: क्रियापदात जोर कुठे पडतो ते आधी शिकवणारा

हिंगणघाटात इटालियन शिकवतात हे सांगितलं की गावात लगेच प्रश्न येतो, "काहून वं, इटलीले कोण जाऊन राहिलं?" मी जाऊन राहिली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेलं आहे, सध्या एका खासगी दवाखान्यात ड्युटी करते आणि तिकडच्या कामाची तयारी सुरू आहे. इटलीत परिचारिका म्हणून काम करायचं तर आपल्या शिक्षणाला त्यांच्या आरोग्य मंत्रालयाची मान्यता लागते आणि तिथल्या परिचारिका मंडळात नाव नोंदवायला भाषा यावी लागते. म्हणून समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीने येणं-जाणं करून हा क्लास केला. या क्लासबद्दल कुठेच काही लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी व्यवहाराचं. कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक लांब लाकडी टेबल आणि पांढरा फळा. मॅडम बरीच वर्षं इटलीत राहून वापस आलेल्या. फी महिन्याला १,२०० रुपये, स्पायरल केलेली वही वेगळी, तिचे २०० रुपये. शनिवार-रविवार दुपारी बॅच असते. फी आमच्या भागाच्या मानाने जास्त वाटेल, पण जे शिकवतात ते बघता मला ती योग्य वाटते.

हा क्लास वेगळा कशात आहे? क्रियापदाचे तक्ते पाठ करायला द्यायच्या आधी त्या शब्दाचे तुकडे पाडायला शिकवतात आणि जोर कोणत्या तुकड्यावर पडतो ते कानात बसवतात. बाकी सगळं त्यानंतर. याआधी मी मोबाइलवरचं एक ॲप वापरत होते. त्यात शब्द यायचे, चित्रं यायची, बरोबर उत्तराला घंटी वाजायची, पण जोराबद्दल एक ओळही नव्हती. आणि इटालियनमध्ये तोच मुद्दा सगळ्यात अवघड आहे, कारण तो कागदावर दिसत नाही. जोर शब्दाच्या अगदी शेवटच्या तुकड्यावर असेल तरच त्या स्वरावर तिरपी रेघ देतात. बाकी ठिकाणी, काही एकाक्षरी शब्द सोडले तर, लिहिलेल्या शब्दावर कसलीही खूण नसते. तिथल्या माणसाला ते लहानपणापासून ठाऊक असतं, आपल्याला शिकावं लागतं.

मराठीत जोर हलला तर बोलणं जरा वेगळं वाटतं, शब्द बदलत नाही. त्यामुळे आपला कान जोर शोधतच नाही. मॅडमने पहिल्याच दिवशी फळ्यावर एक शब्द तीनदा लिहिला: कापितो. (जोराच्या तुकड्याआधी वहीत ' अशी खूण असते, मीही इथे तीच वापरते.) 'का-पि-तो म्हणजे मी अचानक कुठे येऊन पोहोचते. का-'पी-तो म्हणजे समजलं. का-पि-'तो म्हणजे तसं घडलं, मागे कधीतरी. अक्षरं तीच, आणि इटालियन लिपीत पहिले दोन तर हुबेहूब सारखे लिहितात, रेघ फक्त तिसऱ्यावर. आमच्या बॅचमधली एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, हे तर कुठं लिहेलच नाही ना!" मॅडम म्हणाल्या, "लिहेल नाही, म्हणूनच तर शिकून राहिलो आपण." पुढच्या सगळ्या वर्गांचा पाया मला तिथेच कळला.

तुकडे पाडायचे नियम वहीच्या पहिल्या काही पानांत येतात आणि ते नीट मांडलेले आहेत. एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. जोड व्यंजन, म्हणजे तेच व्यंजन लागोपाठ दोनदा, मधोमध तुटतं: 'लेज्-जे-रे, म्हणजे वाचणे. ल, म, न, र यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं की पहिलं मागच्या तुकड्यात राहतं: पार्-'ला-रे, दोर्-'मी-रे, बोलणे आणि झोपणे. प्र, त्र, क्ल असे जोड मात्र फुटत नाहीत: आ-'प्री-रे, उघडणे. 'श' आणि 'ञ' हे आवाज इटालियनमध्ये दोन-तीन अक्षरं मिळून लिहितात, ती अक्षरं कधी वेगळी करायची नाहीत. हा भाग लवकर संपतो आणि संपायलाच हवा, त्यात फार अडण्यासारखं काही नाही.

एक नियम मात्र वहीत अर्धवट आहे आणि तो मला खटकतो. 'स'च्या पुढे व्यंजन असेल तर दोन्ही पुढच्या तुकड्यात टाका असं तिथे लिहिलंय: फि-'नि-स्को, मी संपवते. इटलीतला शाळेचा नियम तोच आहे, ओळ संपताना शब्द तोडायचा तर तिथेच तोडतात. पण जीभ तिथे तोडत नाही. बोलताना तो 'स' मागच्या तुकड्याला चिकटतो, आणि त्याचा पुरावा कानाला मिळतो. इटालियनमध्ये शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर असेल आणि तो तुकडा स्वरावर संपत असेल तर स्वर लांबतो. फिनिस्कोमधला 'नि' लांबत नाही, म्हणजे तो तुकडा 'स'ने बंद झालेला आहे. आपल्याला हे अवघड जाऊ नये. पुस्तक हा शब्द लिहिताना आपण पु-स्त-क अशी तीन अक्षरं मोजतो, म्हणताना मात्र पुस्-तक म्हणतो, आणि शाळेत वृत्त शिकताना जोडाक्षराच्या आधीचा 'पु' गुरू धरतो. हीच गोष्ट दोन ओळींत वहीत घातली तर मराठी माध्यमाच्या कुठल्याही मुलीला ती पटकन कळेल. मी मॅडमला तसं सुचवलंय.

आता वर्तमानकाळ, जिथे या क्लासचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. पार्लारेची सहा रूपं अशी: 'पार्-लो, 'पार्-लि, 'पार्-ला, पार्-'ल्या-मो, पार्-'ला-ते, 'पार्-ला-नो. मी, तू, तो आणि ते या चौघांत जोर धातूवर, म्हणजे क्रियापदाच्या मूळ भागावर. आम्ही आणि तुम्ही या दोघांत तो सरकून प्रत्ययावर जातो. सगळ्यांची जीभ अडते ती शेवटच्या रूपावर. इटालियनमधल्या बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर असतो, त्यामुळे तोंडातून सहज पार्-'ला-नो निघतं. ते चूक. 'नो' हा प्रत्यय 'तो'च्या रूपाला नुसता मागून जोडला जातो, जोर आपली जागा सोडत नाही.

हे बसवायची मॅडमची पद्धत साधी आहे. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येक तुकड्याला एका बोटाने टकटक आणि जोराच्या तुकड्याला पूर्ण तळहात. त्या दिवशीचं क्रियापद माझ्या कामाचं होतं, विझितारे, म्हणजे रुग्णाला तपासणे. 'डॉक्टर तपासतात' म्हणायचं तर 'वी-झि-ता-नो: एक तळहात आणि मग तीन बोटं. शेवटून चौथ्या तुकड्यावर जोर! टेबलावर आधी नुसता गोंधळ ऐकू आला, कुणाचा हात 'झि'वर, कुणाचा 'ता'वर. माझ्या शेजारच्या मुलीचे वडील गावच्या गुरुदेव भजन मंडळात खंजिरी वाजवतात. समेवर थाप पडावी तसा तिचा हात सगळ्यात आधी 'वी'वर पडला आणि मग तिच्यामागे आम्ही सगळ्या लागल्या. मॅडमने न थांबता पुढचे शब्द टाकले. 'आ-बि-ता-नो, ते राहतात. ते-'ले-फो-ना-नो, ते फोन करतात. री-'को-वे-रा-नो, ते दाखल करून घेतात. 'वो-मि-ता-नो, त्यांना उलट्या होतात. वॉर्डात हे सगळे रोजचे शब्द आहेत.

पण सगळीच क्रियापदं अशी नाहीत. रेस्पिरारे म्हणजे श्वास घेणे, आणि विझितारे म्हणजे तपासणे. मूळ रूपात दोन्हींचा जोर एकाच जागी, 'रा'वर आणि 'ता'वर, शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. पण 'मी'च्या रूपात एक रे-'स्पी-रो होतं आणि दुसरं 'वी-झि-तो. मूळ रूप बघून हा फरक सांगता येत नाही. कारण लॅटिनमध्ये आहे, म्हणजे ज्या जुन्या भाषेतून इटालियन आली तिच्यात. तिथे शेवटून दुसरा तुकडा जड असेल तर जोर त्याच्यावर, हलका असेल तर एक पाऊल मागे. रेस्पिरोमधला 'स्पि' लॅटिनमध्ये दीर्घ होता, विझितोमधला 'झि' ऱ्हस्व. ती ऱ्हस्व-दीर्घाची पद्धत इटालियनने सोडली, जोराच्या जागा मात्र बहुतेक तशाच राहिल्या. म्हणून मॅडम प्रत्येक क्रियापद दोन रूपांनी पाठ करायला लावतात, मूळ रूप आणि त्यासोबत 'मी'चं रूप. 'मी'चं रूप आलं की तू, तो आणि ते ही तिन्ही आपोआप येतात. वहीतल्या तक्त्यापेक्षा ही एक सवय मला जास्त मोलाची वाटते.

'एरे'वर संपणाऱ्या क्रियापदांना मात्र वहीत फारच कमी जागा दिली आहे. आरे आणि इरेवाल्यांत मूळ रूपाचा जोर नेहमी शेवटून दुसरा, तिथे विचार करावा लागत नाही. एरेमध्ये दोन घरं आहेत. वे-'दे-रे पाहणे, का-'दे-रे पडणे, सा-'पे-रे माहीत असणे. आणि दुसरीकडे 'क्रे-दे-रे विश्वास ठेवणे, 'प्रेन्-दे-रे घेणे, 'स्क्री-वे-रे लिहिणे. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे गण होते, इटालियनमध्ये एकाच खात्यात आले. त्यातही काहींनी घर बदललं: पडणे आणि माहीत असणे ही दोन्ही लॅटिनमध्ये मागे जोर असलेल्या गणात होती, ती आता वे-'दे-रेच्या रांगेत आहेत, आणि हसणे उलट दिशेने गेलं, आज ते 'री-दे-रे आहे. पर्सुआ-'दे-रे, म्हणजे समजावून तयार करणे, याचा जोर तर खुद्द इटलीतल्या माणसांकडूनही पुष्कळदा मागे सरकतो. या सगळ्याला वहीत एकच पान आहे. निदान रोजच्या वापरातल्या क्रियापदांची दोन रांगांत यादी तरी हवी होती.

भविष्यकाळाचा वर्ग मला सगळ्यात आवडला. पार्-ले-'रो, मी बोलेन. पार्-ले-'रा, तो बोलेल. इथे जोर एकदम शेवटी का उडी मारतो? मॅडमने फळ्यावर आधी पार्लारे लिहिलं, मग त्याच्यापुढे 'असणे, जवळ असणे' या क्रियापदाची रूपं एकाखाली एक लिहिली: ओ, आय, आ, शेवटी आन्नो. जुन्या काळी लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी 'मला बोलायचं आहे' अशा अर्थाने मूळ रूप आणि त्याच्यामागे हे क्रियापद यायचं, आणि घासून घासून दोन शब्दांचा एक झाला. पार्-ले-'रान्-नो, ते बोलतील, यात तो आन्नो अजून जसाच्या तसा दिसतो. म्हणजे भविष्यकाळाचा जोर त्या मागून आलेल्या क्रियापदाचा स्वतःचा जोर आहे. मधला 'ला' जाऊन 'ले' झाला तो फ्लोरेन्सच्या बोलीमुळे, जिच्यावरून आजची प्रमाण इटालियन उभी आहे. हे कळल्यावर सहाही रूपं मला एका बैठकीत आली, तक्ता उघडावाच लागला नाही.

त्याच वर्गात जोड व्यंजनाचंही महत्त्व कळलं. पार्-ले-'रे-मो म्हणजे आम्ही बोलू, पार्-ले-'रेम्-मो म्हणजे आम्ही बोललो असतो, किंवा बोलायला आवडेल. फरक एका 'म'चा. 'का-दे म्हणजे तो पडतो, 'काद्-दे म्हणजे तो पडला. 'से-ते म्हणजे तहान आणि 'सेत्-ते म्हणजे सात. इथे मराठी माणूस पुढे आहे हे मी ठासून सांगते. पाटी आणि पट्टी, गादी आणि गद्दी आपण रोज म्हणतो, आणि पट्टीतला स्वर आखूड होतो हेही तोंडाला माहीत आहे. जोड व्यंजन दाबून म्हणा आणि आधीचा स्वर तोडा, एवढं सांगितलं की आमच्या सगळ्या बॅचला जमलं. रुग्णाला तहान लागली आहे की तो सात म्हणतोय, हे दवाखान्यात कळलंच पाहिजे. पडण्याची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगते: बोलताना, विशेषतः उत्तर इटलीत, काद्देऐवजी 'पडली आहे, पडला आहे' अशा धर्तीचं रूप जास्त वापरतात, बाईसाठी का-'दू-ता आणि पुरुषासाठी का-'दू-तो. लिंगाप्रमाणे बदलणारं क्रियापद आपल्याला नवं नाही.

इरेच्या क्रियापदांत 'इस्क' शिरतो तो भाग थोडक्यात पण छान झाला. ग्वा-'री-रे म्हणजे बरं होणे, त्याचं ग्वा-'रि-स्को. दोर्-'मी-रेचं मात्र सरळ 'दोर्-मो. ज्यांच्यात इस्क येतो तिथे जोर धातूवर कधी येतच नाही, आधी इस्कवर, आम्ही-तुम्हीला प्रत्ययावर. म्हणजे शिकणाऱ्याला ही क्रियापदं सोपी, जोराची जागा हुडकावी लागत नाही.

आदराने सांगायच्या आज्ञा, म्हणजे नर्सचं रोजचं बोलणं, यासाठी मॅडमने माझ्या विनंतीवरून एक पूर्ण दुपार दिली. मि 'दी-का, सांगा मला. रे-'स्पी-रि, श्वास घ्या. 'आ-प्रा, तोंड उघडा. सि आक्-'को-मो-दि, बसा, या. याउलट घरच्या माणसाशी बोलताना 'मला' हा शब्द क्रियापदाच्या मागे चिकटतो, 'पार्-ला-मि, माझ्याशी बोल. त्याला आणखी शेपूट लागलं तरी जोर मूळ जागीच: 'पार्-ला-मे-ने, मला त्याबद्दल सांग. मागे कितीही तुकडे जोडा, जोर त्यांच्यामागे धावत नाही. आज्ञांच्या सरावात प्रत्येकीला आळीपाळीने रुग्ण केलं होतं, त्यामुळे ऐकायचाही सराव झाला. असा तास दर महिन्याला एक तरी हवा.

आता उणिवा. वहीचा पहिला भाग पूर्ण देवनागरीत आहे. उच्चारासाठी ते उत्तम, पण त्यांची स्वतःची लिपी फार उशिरा हातात येते. चेर्-'का-रे, शोधणे, याचं 'तू'चं रूप 'चेर्-कि. देवनागरीत 'क'चा 'क'च राहतो, म्हणून काहीच कळत नाही. त्यांच्या लिपीत मात्र तो 'क' टिकवायला मध्ये एक मुके अक्षर घालावं लागतं, नाहीतर तिथे 'च' वाचला जाईल. सिएना किंवा पेरुजा इथल्या विद्यापीठांच्या भाषा परीक्षा द्यायच्या असतील, तर लिहिणं पहिल्या महिन्यापासून सुरू व्हायला हवं. दुसरं, ऐकायला फक्त मॅडमचा आवाज आहे. रोमकडची माणसं 'खरं आहे' हे एव्-'वे-रो असं पुढचं व्यंजन दाबून म्हणतात, उत्तरेकडे ते दाबणं ऐकू येत नाही. असे वेगवेगळ्या भागांतले आवाज वर्गात ऐकवायला हवेत. तिसरी तक्रार वेळेची. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी बॅच घरी असते म्हणून तास पुढे ढकलले गेले, पण ते आधी कळवलं नाही. दूरच्या गावाहून एसटीने येणाऱ्यांना याचा फार त्रास होतो, ग्रुपवर आदल्या दिवशी एक मेसेज टाकला असता तरी पुरलं असतं.

क्लाससोबत एक गोष्ट जरूर वापरा. राय ही इटलीची सार्वजनिक प्रसारण संस्था. तिने निवेदकांसह सगळ्यांसाठी शब्दलेखन आणि उच्चाराचा कोश 1969 मध्ये काढला, मिल्योरिनी, तालियाविनी आणि फिओरेल्ली या तिघांनी तो केला. आता तो इंटरनेटवर फुकट बघता येतो आणि शब्द ऐकताही येतात. जोराबद्दल शंका आली की मी तिथे बघते, आणि मॅडमनेही कधी नाराजी दाखवली नाही, उलट आम्हा सगळ्यांना तो उघडून दाखवला.

ज्यांना चार दिवसांत चार वाक्यं पाठ करून जायचं आहे त्यांनी इथे येऊ नये, पहिला महिना नुसता तुकड्यांत आणि जोरात जातो. ज्यांना तिकडे काम करायचं आहे, माणसांशी बोलायचं आहे, त्यांनी जरूर यावं आणि पहिला भाग अर्धवट सोडू नये. वही आधी बघायची असेल तर खाली कृषी केंद्रात एक प्रत ठेवलेली असते. नवी बॅच दिवाळीनंतर आणि संक्रांतीनंतर सुरू होते. घरी कापूस असेल तर संक्रांतीनंतरची घ्या, तास बुडत नाहीत.